निरंक

आमच्या दवाखान्यातले डोळेवाले साहेब स्वतःलाच पत्र लिहायचे आणि उत्तर आलं की चिडायचे.

त्यांची नेमणूक नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून होती. लोकांचे डोळे तपासायचे, मोतीबिंदू पिकलेल्यांची यादी करायची आणि दर दुसऱ्या गुरुवारी यादीतली माणसं गाडीत बसवून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनला न्यायची, एवढं त्यांचं काम. पण आमच्याकडं भांडारपालाची जागा रिकामी होती. तिचा अतिरिक्त कार्यभार साहेबांकडं. आवक-जावक बघणारा बाबू बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. तोही कार्यभार साहेबांकडं. तर साहेब सकाळी डोळ्यांच्या खोलीत बसून भांडारपालाला पत्र लिहायचे, की डोळ्यांत घालायचे थेंब संपले आहेत, तातडीने पुरवठा व्हावा. मग उठून बाबूच्या टेबलाशी जायचे, पत्राला जावक क्रमांक द्यायचे, तिथंच आवक क्रमांकही द्यायचे, आणि भांडाराच्या खोलीत जाऊन ते पत्र पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं वाचायचे. खाली शेरा मारायचे, 'साठा शिल्लक नाही.' परत आपल्या खोलीत येऊन तो शेरा वाचला की कानशिलं लाल.

"हा भांडारपाल लय खडूस माणूस आहे, सातारकर," ते मला म्हणायचे.

"साहेब, भांडारपाल तुम्हीच की."

"म्हणून तर सांगून राह्यलो. आतून ओळखतो मी त्याले."

सातारकर म्हणजे मी. आडनाव वेगळं आहे, पण मी साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला, म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी हे नाव ठेवलं आणि तेच चालू झालं. नववीत शाळा सोडलेली. दवाखान्याच्या रुग्णवाहिकेवर कंत्राटी ड्रायव्हर. दवाखाना झरी जामणी तालुक्याच्या टोकाला आहे; पुढं जंगल आणि जंगलाच्या पलीकडं तेलंगणा. गावाचं नाव घेत नाही, कारण मी अजून तिथंच नोकरीला आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं असतं. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं, मग नवा कागद येतो. आला तर. दहावा महिना लागला की नव्या कागदाचं काय झालं हे मी रोज विचारत फिरतो, अजूनही.

दवाखान्याच्या दारात एक फळा आहे. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. साहेब दर सोमवारी तो ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसायचे आणि तेच आकडे पुन्हा लिहायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, बदललेलं तर काहीच नाही, मग पुसता कशाला?

"न पुसता ठेवलं तर लोकाईले वाटते का जुनं हाये," ते म्हणाले. "हे ताजं हाये. आज सकायचं."

आणि मग खडू झटकत, "रिक्त म्हंजे रिकामी नाही बे. रिक्त म्हंजे दुसऱ्या कोनाच्या डोक्यावर."

ते मूळचे यवतमाळचे. घरात आजोबांपासून सगळे कचेरीत नोकरीला, त्यामुळं कागदाची भाषा त्यांच्या हाडात होती. पण बोलायला लागले की पक्के वऱ्हाडी. नोकरीची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी याच जिल्ह्यात काढली. सरकारी दवाखान्याचा सगळा इतिहास ते एका दमात सांगायचे. "पह्यले मानसं होती, बसाले खुर्च्या नोहत्या. मंग खुर्च्या आल्या. मंग मशीन आली. आता खुर्च्या हायेत, मशीन हाये, मानसं गेली." आमच्याकडं डोळे तपासायचं एक नवं मशीन मार्च महिन्यात आलं होतं, कारण आलेलं अनुदान मार्चच्या आत खर्ची टाकायचं होतं. ते चालवायचं शिकवायला जो येणार होता तो काही आला नाही. साहेबांनी त्यावर प्लास्टिक तसंच ठेवलं आणि वर एक चिठ्ठी चिकटवली, 'रुजू झाले. काम सुरू नाही.'

गाडीच्या डिझेलचंही तसंच. वर्षाच्या सुरुवातीला टाकी भरलेली आणि दिवाळी उलटली की हात आखडता. गुरुवारची खेप चुकली की यादी फुगायची.

आणि यादी म्हणजे साहेबांचा जीव. हिरव्या पुठ्ठ्याची लांब वही. एक नाव, एक नंबर, गाव, कोणता डोळा. नंबर म्हणजे नंबर. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या यायच्या, की आमच्या माणसाला आधी घ्या. साहेब चिठ्ठी नीट वाचायचे, चिठ्ठी आणणाऱ्याला पाणी द्यायचे, आणि कपाटातून दुसरी वही काढायचे. शिफारशींची यादी. त्यात तारीख, शिफारस करणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक.

"तुमच्या साहेबांची शिफारस नोंदवली," ते सांगायचे. "हिच्या आधीच्या काही हायेत. नंबर आला का विचार करतो."

"म्हणजे शिफारशीलापण वेटिंग?" एक कार्यकर्ता एकदा खवळला.

"मंग काय! न्याय सगळ्याईले सारखा."

तो माणूस तक्रार करतो म्हणून गेला. भीती मला वाटत होती, साहेबांना नाही. तक्रार आली तर तिला आवक क्रमांक कोण देणार होतं?

मला त्यांनी जे दिलं ते इथंच सांगतो. गाडीचं लॉगबुक असतं. त्यात 'प्रयोजन' म्हणून रकाना असतो, गाडी कशासाठी गेली ते लिहायचं. मला लिहायची लाज वाटायची. अक्षर वाकडं, शब्द सुचायचे नाहीत. आधीच्या ठिकाणी मी कोणालातरी चहा पाजून लिहून घ्यायचो. साहेबांपुढं वही धरली तेव्हा त्यांनी पेन मला परत दिलं. "तुह्यी गाडी, तुह्यी वही. मी लिहलं तर मी चालवली होईन." रोज संध्याकाळी ते समोर बसायचे, आपलं काहीतरी करत, आणि मी दोन ओळी लिहून होईपर्यंत उठायचे नाहीत. चुकलं तरी सुधारायचे नाहीत. दीड वर्षानं एकदा वही चाळून एवढंच म्हणाले, "आता दुसऱ्याले वाचता येते." आज हे चार कागद लिहितोय ते त्या रकान्यामुळं. साताऱ्याला माझ्या बायकोला हे खरं वाटत नाही.

त्यांच्या यादीच्या वेडामागं एक गोष्ट होती, ती त्यांनी मला गाडीत सांगितली. ते आमच्याकडं आले त्याच्या आधी डोळ्यांची जागा कितीतरी वर्षं रिक्त होती. कपाट उघडलं तर आत आधीच्या माणसाची यादी. नावं, नंबर, सगळं व्यवस्थित. साहेब ती यादी घेऊन गावोगाव फिरले, सायकलनं आणि मिळेल त्या गाडीनं. निम्मी माणसं गेलेली. काहींनी जमीन गहाण टाकून बाहेर ऑपरेशन केलेलं. एक बाई विहिरीत पाय घसरून गेली होती. काठ दिसला नाही. तिच्या मुलानं साहेबांना विचारलं, आमचा नंबर आला का?

"मी काय सांगू त्याले?" साहेब समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले. "यादी कपाटात होती, सातारकर. मानूस कुठी होता?"

तेव्हापासून दोन नियम. डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही नाव खोडायचं नाही. आणि निवृत्त होताना कपाटात यादी सोडून जायचं नाही. शेवटच्या दिवशी वहीत 'निरंक' लिहायचं. सरकारी कागदात काही शिल्लक नसलं की निरंक लिहितात. आपल्यामागं ही जागा भरणार नाही, हे त्यांना फळ्यावरून माहीत होतं.

निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा त्यांनी यादीवर धाड घातली. एक गुरुवार सोडून जाण्याऐवजी दर गुरुवारी खेप काढायला लागले. डिझेलसाठी स्वतःच्या सहीनं स्वतःला स्मरणपत्रं. यवतमाळला फोनवर फोन. यादी उतरत गेली आणि शेवटी सात नावांवर अडली. सातही एकाच पोडातली. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती, जंगलाच्या आत, दहा-बारा घरांची. त्या सात जणांना तीनदा निरोप गेला होता, तीनदा गाडी फाट्यावर उभी राहिली होती. कोणी आलं नव्हतं.

आमच्या मॅडम, म्हणजे वैद्यकीय अधीक्षक, म्हणाल्या, "काका, तीन वेळा गैरहजर म्हटल्यावर नियमानं नाव कमी होतं. करा कमी. तुमची यादी आजच निरंक होते."

"बघून येतो," साहेब म्हणाले.

"ऑपरेशनला घाबरतात ते. बघून काय होणार?"

"घाबरून राह्यले असतीन तर तसं बघून येतो."

गाडी फाट्यावर लावून आम्ही चालत गेलो. पोडात एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. दोन्ही डोळे पांढुरके, पण हात बिनचूक. साहेब तिच्यासमोर खाली बसले.

"आजी, काहून नाही आल्या तुम्ही? तीनदा गाडी आलती."

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुमची गाडी अठी एकदा आत आलती. दारालोक. माह्या भावजयीले घेऊन गेली. बसून गेलती थे. झोपून आली."

ती खेप माझी होती. मला लगेच आठवली. पोटाच्या दुखण्याची बाई, यवतमाळला पोचली आणि दोन दिवसांत गेली. मेलेल्या माणसाला परत न्यायला दवाखान्याची गाडी देत नाहीत. मी दुसरी खेप घेऊन गेलो तेव्हा तिचा नवरा तिथल्या गेटवर बसून होता. मीच फोनवर आमच्या मॅडमच्या हातापाया पडून परवानगी काढली आणि अंगणापर्यंत गाडी घालून तिला आणून पोचवलं. आपण आज एक चांगलं काम केलं, असं त्या दिवशी मला वाटलं होतं. कंत्राट जाईल ही भीती आठ दिवस होती, तरी वाटलं होतं.

मी ते तिथंच सांगून टाकलं. गाडी मी चालवत होतो, आजी.

"ओळखलं तुमच्या बोलण्यावरून," म्हातारी म्हणाली. "तुमचा राग नाही. आणून देली, चांगलं केलं. पण गाडीत नाही बसत आमी."

परत चालताना साहेब वाटेत थांबले. मग म्हणाले, "तीन खेपा आपण समजून राह्यलो का थे ऑपरेशनले भेतात. थे गाडीले भेत होते. आपण विचारलंच नाही."

पुढच्या गुरुवारी ते एकटेच पहाटे पोडात गेले आणि सात जणांना घेऊन फाट्यावर चालत आले. यवतमाळची एस. टी. आली. सगळे बसमध्ये चढले, साहेब शेवटी. आणि मला हुकूम होता की रुग्णवाहिका घेऊन मागं यायचं. खेप मंजूर आहे, डिझेल टाकलंय, गाडी जायला पाहिजे. मी लॉगबुकात प्रयोजन लिहिलं, 'रुग्णांच्या मागे जाणे.' दुसरं काय लिहिणार?

पांढरकवड्याच्या स्टँडवर बस थांबली, तसा मीही थांबलो. कंडक्टर उतरून थेट माझ्या खिडकीशी आला.

"काहून हो, तुम्ही आमाले ओव्हरटेक काहून नाही करून राह्यले?"

"नाही, मी मागंच येणार आहे."

"अहो पण फाट्यापासून मागं लागले! बसमधले लोकं मले विचारून राह्यले का पुढं काही होणार हाये का. एक बाई उतरून गेली."

"तुमच्या बसमध्ये माझे पेशंट आहेत."

"मंग तुमचे पेशंट तुमच्या गाडीत काहून नाहीत बाप्पा?"

साहेब बसच्या खिडकीतून ओरडले, "कंडक्टर साहेब, सोडा त्याले. थो आमचा सुटा भाग हाये."

यवतमाळला सातही ऑपरेशनं झाली. डोळा उघडल्यावर म्हातारीनं आधी मला बघितलं आणि कोलामीत शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. काय ते मला कोणी सांगितलं नाही.

परत निघताना साहेब एस. टी. स्टँडकडं वळले, तर म्हातारी जागची हलेना. आता गाडीतनंच जायचं, म्हणाली. पण झोपायच्या बाकड्यावर कोणी बसायचं नाही, खिडक्या सगळ्या उघड्या ठेवायच्या आणि फाट्यावर न थांबता गाडी पोडात घालायची. तसं केलं. काळे चष्मे लावलेले सात जण ताठ बसून, खिडकीतून हात बाहेर काढून पोडात शिरले. पोरं गाडीमागं पळाली. म्हातारी दारातून स्वतःच्या पायानं उतरली आणि जी भावजय गेली होती, तिच्या घराकडं आधी गेली.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी साहेबांनी शेवटच्या नावाखाली पट्टीनं रेघ मारली, 'निरंक' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग बाबूच्या टेबलावर जाऊन त्याची नोंद केली. मला बोलावून दाखवलं. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

चार वाजता निरोप समारंभ. मॅडम दोन शब्द बोलल्या, शाल-श्रीफळ झालं, सिस्टरनी आणलेला चिवडा वाटला जात होता, आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. एक हात सुनेच्या खांद्यावर.

"पोडातल्या आजीले दिसते म्हणतात," सून म्हणाली. "डोयेवाले डॉक्टर हेच का?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, उद्या येऊ द्या त्यांना. आज तुमचा दिवस आहे."

"उद्या अठी कोन बसून हाये, मॅडम?"

मॅडमचाही इलाज नव्हता. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, कार्यालय सुटायला वेळ होता, आणि शाल खांद्यावर तशीच ठेवून बाईला आत नेलं. मी दाराशी होतो. टॉर्च मारून बघितलं. दोन्ही पिकलेले. मग ते वही उघडून नुसते बसले. मला वाटलं कोऱ्या कागदावर लिहून देतील, वही तशीच राहू देतील. माझ्या मनात तेच होतं, खरं सांगतो. त्यांनी पट्टी घेतली, निरंकवर सरळ एक रेघ ओढली, बाजूला छोटी सही केली, आणि खाली बाईचं नाव लिहिलं.

"सातारकर, गुरुवारी हिले आणजो," एवढं म्हणाले आणि संध्याकाळच्या बसनं यवतमाळला गेले.

मी त्या गुरुवारी बाईला घेऊन निघालो. सोबत अधिकारी नाही. सून कापूस वेचायला गेलेली, नाही गेली तर चूल कशी पेटणार. नियमानं फॉर्मवर अधिकाऱ्याची किंवा नातेवाईकाची सही लागते, आणि ड्रायव्हर या दोन्हींत बसत नाही. बाईला परत न्यावं लागेल आणि वर मला विचारणा होईल, हेच डोक्यात. यवतमाळला मोठ्या दवाखान्याच्या गेटवर साहेब उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र नाही.

खिडकीवरच्या कारकुनानं त्यांना ओळखलं. "साहेब, तुम्ही तर रिटायर झाले ना? अधिकाऱ्याच्या रकान्यात आता तुमची सही नाही चालणार."

"मंग नातेवाईकाच्या रकान्यात करतो."

"नातं काय लिहू?"

साहेब बाईकडं वळले. "बाई, मी तुमचा कोन लागतो?"

तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाली, "भाऊ लिवा."

कारकुनानं भाऊ लिहिलं.

त्याला दोन वर्षं झाली. जागा अजून भरलेली नाही. डोळे सिस्टर टॉर्चनं बघतात, नावं मी लिहितो. वही माझ्याकडं कोणी दिली नाही आणि कोणी परतही मागितली नाही. एखाद्या दिवशी कोणी विचारेल, याची धास्ती असतेच. दर दुसऱ्या गुरुवारी साहेब गेटवर असतात. मागच्या गुरुवारी गाडीत सहा जण होते आणि सहा फॉर्मांवर नातेवाईक एकच. सही करायच्या आधी ते प्रत्येकाला विचारतात. चौघांनी भाऊ सांगितलं, एकीनं दीर. शेवटच्या म्हाताऱ्यानं बराच विचार केला, साहेबांचा हात हातात धरून बघितला, आणि कारकुनाला म्हणाला, "व्याही लिहा."

साहेबांनी सही केली, पेन खिशाला लावलं आणि मला विचारलं, "मागं किती राह्यले?"

मी वही उघडली.